उपासनेनंतर थोडी थांबत जा

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "ताई, चर्चला जाते गं दर रविवारी, पण जाऊन आल्यासारखं वाटत नाही." आणि लगेच लेकीच्या खोकल्याकडे वळलीस, मग गॅस सिलिंडरकडे, आणि फोन ठेवलास. माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं. रात्रपाळीला वॉर्ड शांत झाला की मला विचार करायला निवांतपणा मिळतो. दोन रात्री तेच घोळत होतं. म्हणून आज दुपारची झोप बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. तुला रागावत नाहीये, हे आधीच सांगते. तुझ्या त्या वाक्यात मला माझीच जुनी दोन वर्षं ऐकू आली.

तुझा रविवार मला इथं नगरला बसून दिसतो. पहिलं गीत संपत असताना तुम्ही पोचता. मागचं बाक, दाराजवळचं, म्हणजे लेक रडली तर पटकन बाहेर नेता येईल. आशीर्वाद झाला की दाराशी पाळकसाहेबांना सलाम, आणि गाडीची किल्ली आधीच हातात. पाऊस असला, किंवा तुझ्या नवऱ्याची शनिवारी रात्रीची शिफ्ट झाली, की उपासना मोबाइलवर. कोरोनात मोबाइलचा आधार होता, त्याला मी नाव ठेवणार नाही. वॉर्डातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना आजही तोच आधार आहे. पण तुझे पाय धड आहेत, आणि चर्च वीस मिनिटांवर आहे.

तू म्हणशील, तीन वर्षांत कुणी माझं नावसुद्धा विचारलं नाही. खरं आहे, आणि ते चुकतंच त्यांचं. नवीन कुटुंब दर रविवारी मागच्या बाकावर बसतंय आणि कुणाला उठून त्याच्याजवळ जावंसं वाटत नाही, याचं मलाही वाईट वाटतं. त्या मंडळीच्या पंचांशी माझी ओळख असती तर त्यांना स्पष्ट सांगितलं असतं. पण त्यांच्या वाट्याचं तुला सांगून काय उपयोग? तुझ्या वाट्याचं सांगते.

लग्न होऊन सासरी गेलीस ते दिवस आठव. पहिले आठ दिवस काय कौतुक होतं तुझं! ताटाभोवती रांगोळी, बसायला पाट, आणि तू फोनवर मला रडत सांगायचीस, "परकं वाटतंय गं." मग एकदा सासूबाई तापानं पडल्या. त्या दिवशी तू कुणालाही न विचारता तिखटाचा डबा काढलास, डाळीला फोडणी दिलीस, सगळ्यांना वाढलंस. त्या संध्याकाळच्या फोनमध्ये पहिल्यांदा "आमच्याकडे" म्हणालीस. पाहुणीला पाट मिळतो, घरच्या बाईला पोळपाट. चर्चमध्ये तू अजून पाटावरच बसलेली आहेस, आणि पाट मांडायला कुणी येत नाही म्हणून खट्टू आहेस.

आता माझं सांगते, तुला पुरतं कधी सांगितलं नव्हतं. तू तेव्हा बारावीला होतीस. बाबा गेल्यानंतर मंडळीतल्या एका माणसानं, वर्गणीच्या थकबाकीवरून, दफनविधीच्या तयारीतच आईला काहीतरी बोलून दाखवलं. चार शब्दच होते. पण आई खाली मान घालून उभी होती आणि मी ते पाहिलं. मी चर्चला जाणं सोडलं. लोकांना सांगायचे, ड्युटी असते. ड्युटी कधी असायची, कधी मी मागून घ्यायचे. दोन वर्षं अशी गेली. त्या काळात पाळकसाहेब दोनदा घरी आले, प्रार्थना करून गेले, मी चहा दिला, पण उठले नाही.

मला उठवलं ते एका सत्तरीच्या बाईंनी. त्या प्रभुभोजनाची तयारी करायच्या. एका शनिवारी संध्याकाळी आल्या, बसल्या, आणि म्हणाल्या, "हात दुखतात गं आता. प्याले धुवायला माणूस नाही. उद्या येतेस का तेवढ्यापुरती?" विश्वासाबद्दल एक शब्द नाही, बाबांबद्दल नाही, त्या माणसाबद्दल नाही. उपदेश करायला कुणी आलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं आणि दार लावलं असतं. पण दुखऱ्या हातांना नाही कसं म्हणणार? नर्स आहे मी.

ते प्याले तू कधी जवळून पाहिलेस का? अंगठ्याएवढे काचेचे, चाळीस भोकांच्या तबकात बसणारे. उपासना संपली की मागच्या खोलीत दोन पातेली कोमट पाणी घ्यायचं. एका वेळी चार-पाचच प्याले बोटांत धरायचे, जास्त घेतले की एकमेकांवर आपटून तडकतात. तळाशी द्राक्षरसाचा जांभळा ठिपका राहतो, तो पाण्यानं निघत नाही, कापडाचं टोक पिळून आत फिरवावं लागतं. मग स्वच्छ पंच्यावर उलटे ओळीनं मांडायचे. आदल्या दिवशी रस करायचा तोही त्याच बाईंकडे शिकले. काळी द्राक्षं असतील तर धुऊन थोड्या पाण्यात मंद उकळायची आणि मलमलीतून गाळायची, हंगाम नसेल तर काळ्या मनुका रात्रभर भिजवून. भाकर म्हणजे आपला साधा पाव. कडा काढून बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करायचे, सुरी धारदार हवी, नाहीतर चुरा होतो. त्या बाई तुकडे कापताना बोलत नसत. मीही बोलायची नाही.

तिसऱ्या महिन्यात प्याले धुताना मी मोजले. एकशे सव्वीस वापरलेले. म्हणजे एकशे सव्वीस ओठ. त्यांत आईचा प्याला होता, त्या बाईंचा होता, आणि त्या माणसाचाही होता, ज्यानं आईला बोलून दाखवलं होतं. कुठला कुणाचा ते ओळखता येत नव्हतं. मी सगळे सारखेच धुतले. माझ्या मनातली गाठ त्या पाण्यात सुटली, असं मी प्रार्थनासभेतही कधी सांगितलं नाही, तुला सांगते.

म्हणून म्हणते, आधी सगळं आपलं वाटेल आणि मग मी काम करीन, या वाटेनं गेलीस तर वाट पाहतच राहशील. हात आधी गुंततात, मन मागून येतं. देवाचं वचनही काय सांगतं ते बघ. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण नुसत्या नावांची यादी म्हणून वाचायचं सोडून देतो. एकदा सावकाश वाच. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, प्रिस्का आणि तिचा नवरा अक्विला, ज्यांच्या घरी मंडळी जमायची, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, आणि रूफची आई, जी पौलालाही आईसारखी होती. यांच्यापैकी कुणाचं भाषण लिहून ठेवलेलं नाही. त्यांनी श्रम केले एवढंच पौलानं लिहिलं, आणि तेवढ्यासाठी नाव घेऊन सलाम पाठवला. आणि यापोची दुर्कस? ती मेली तेव्हा विधवा बाया पेत्राला काय दाखवत होत्या? तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे. मला ती जागा नेहमी हलवून जाते. शोक करताना त्या बायांच्या हातांत तिचे टाके होते.

तू म्हणालीस तिथं गट आहेत, पंच कमिटीत भांडणं आहेत, महिला संघात चहावरून रुसवे-फुगवे आहेत. असतील. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढ. यरुशलेममधली पहिली मंडळी, पेन्टेकॉस्टला फार काळ लोटलेला नाही, आणि कुरकुर कशावरून? जेवण वाढण्यावरून! आमच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलतात, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. सात माणसं निवडायला लावली आणि कामाची घडी बसवली. कुरकुर ऐकून मागं फिरणाऱ्यांमुळे नाही, वाढायला उभ्या राहिलेल्यांमुळे ते जेवण नीट झालं.

आपल्या आजीला तर ही चैनच नव्हती गं, चर्च आवडतं की नाही असं म्हणायची. ती चर्च म्हणायचीच नाही, देऊळ म्हणायची. १८३१ मध्ये अमेरिकन मिशनरी नगरला आले, १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या सगळ्याच्या आत काय होतं ते आजीच्या गोष्टींतून कळायचं. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला गावात पाणवठा बंद, नात्यात रोटी बंद, मयताला खांदा द्यायला कुणी नाही. मंडळीनं खांदा दिला. १८७६-७७ च्या दुष्काळात आणि पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात कितीतरी पोरकी मुलं मिशनच्या आश्रयाला आली. त्यांचे आई-बाप, मामा-मावशी म्हणजे मंडळीच. बायबल बाया डोक्यावर पदर घेऊन उन्हातान्हात गावोगाव चालायच्या, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख मोठेपणी झालेली. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय प्रसंग ओढवला ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. काही वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या, आणि टिळकांनी अपुरं सोडलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरं केलं. शाळेची पायरी न चढलेली बाई! आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बाया, ज्यांना घरादारानं टाकलं होतं, त्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या, छापायला शिकल्या, पुस्तक बांधायला शिकल्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, पण भाषांतर पुरं करूनच गेल्या. प्रत्येकीच्या बोटांना काम होतं. त्या बाकावर येऊन बसून, ऐकून घरी गेल्या असत्या तर आपल्या हातात काय आलं असतं?

हे तुला दडपण यावं म्हणून लिहीत नाही. तुला ख्रिस्तायन लिहायचं नाहीये. तुला रविवारी पंधरा मिनिटं जास्त थांबायचं आहे.

पहिलं म्हणजे दाराजवळचं बाक सोड. तिसऱ्या-चौथ्या ओळीत बस, आणि दर रविवारी तिथंच. त्याच जागेवर दिसलीस की शेजारची बाई तिसऱ्या आठवड्याला आपणहून विचारेल, "मागच्या वेळी नव्हतात?" लेक रडली तर रडू दे. लहान मूल रडत नाही अशा मंडळीची मला जास्त काळजी वाटते. आणि उपासना सुटली की गाडीकडे जाऊ नकोस. कुणीतरी खुर्च्या गोळा करत असेल, कुणी गीतांची पुस्तकं कपाटात लावत असेल. विचारू नकोस "काही मदत करू का?" त्यावर लोक संकोचानं "नको नको" म्हणतात. सरळ दुसऱ्या टोकानं खुर्च्या उचलायला लाग. खुर्ची उचलणाऱ्याला नाव विचारल्याशिवाय कुणाला राहवत नाही.

मग एक काम तुझं म्हणून घे. एकच. तुझा गळा आपल्या आईचा आहे, गायनमंडळात जा. तिथं पेटी-तबल्यावर टिळकांची पदं चालतात, ती तुला लहानपणापासून पाठ आहेत, तरुण पोरांना नसतात. ती त्यांना शिकव आणि त्यांची नवी गाणी तू शिक. किंवा संडे स्कूलमध्ये लहान वर्गाला मदतीला उभी राहा, लेक तशीही तिथंच असणार. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायांचा जागतिक प्रार्थनादिन असतो, तो तर नव्या बाईसाठी फारच सोपा दरवाजा आहे. दर वर्षी एका देशातल्या बाया तो प्रार्थनाक्रम लिहितात, २०२५ चा कुक बेटांतल्या बायांनी लिहिला होता. वाचनाचे भाग वाटून द्यायचे असतात आणि वाचायला नेहमी माणसं कमी पडतात. वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या बाया एकत्र येतात, त्यामुळे त्या दिवशी सगळ्याच थोड्या थोड्या नव्या असतात. आधी महिला संघाच्या सेक्रेटरींना गाठ आणि सांग, "मी वाचीन."

पण चार कामं घेऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, उत्साहात सगळ्याला हो म्हणशील, आणि कापणीच्या सणापर्यंत दमून घरी बसशील. नोकरी, लेक, नवऱ्याच्या शिफ्टा, हे सगळं आहे. ज्या रविवारी खरंच जमणार नाही त्या रविवारी आधी फोन करून सांग आणि शांत झोप. मी ड्युटीच्या रविवारी सकाळी सहाला रस पोचवते आणि जाते. माझ्या वॉर्डात पूर्वी एक मिझोरामची सिस्टर होती. ती सांगायची, त्यांच्याकडे स्वयंपाक करताना दर वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींवर त्यांच्या चर्चचं केवढंतरी काम चालतं. मूठच काढायची असते, पातेलं नाही.

आता एक रुक्ष वाटणारी गोष्ट, पण मनावर घे. तुमचं सभासदत्व अजून इथंच आहे. तिकडच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव नाही. म्हणजे कागदावरसुद्धा तू पाहुणीच. इथल्या पाळकसाहेबांकडून बदलीचं पत्र घ्यायचं, तिकडे द्यायचं, एवढंच. मग वार्षिक सभेला बसता येतं, हात वर करता येतो. आपल्या नगरच्या जुन्या मंडळ्या काँग्रिगेशनल वळणाच्या. पाळक कोण, पंच कोण, पैसा कुठं गेला, हे मंडळीनं बसून ठरवायचं, ही आपली जुनी रीत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा बिशप आले, नवी व्यवस्था आली, पण सभेत उठून हिशेब विचारायचा सभासदाचा हक्क कुठं गेला नाही. तुमच्या ऑफिसात तू मोठमोठे ताळेबंद बघतेस. चर्चच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचा कागद वाटतात तो बहुतेक बाया घडी घालून पर्समध्ये टाकतात. तू वाच. समजलं नाही तर गोड शब्दांत विचार. आमच्याकडे एका बाईंनी विजेच्या बिलाची एक ओळ विचारली आणि त्यातून अख्खं वायरिंग बदललं गेलं, कारण गळती तिथं होती.

आणि हेही मोठी बहीण म्हणून बजावून सांगते. मंडळीत एकोपा राहावा म्हणून अन्याय गिळायचा नसतो. कुणी तुला, लेकीला किंवा दुसऱ्या कुणा बाईला त्रास दिला, मग तो पंच असो की पाळक असो, तर गप्प बसू नकोस. बोल, लेखी दे, आणि मला फोन कर, मी पहिल्या एसटीनं येईन. माझ्या त्या दोन वर्षांत मी गप्प राहिले आणि घरी बसले, दोन्ही चुकलं. परत गेल्यावर वर्षभरानं मी त्या माणसाला एकटं गाठून सांगितलं, तुमच्या बोलण्यानं आईला काय झालं होतं ते. त्याला आठवतही नव्हतं. पण पुढच्या रविवारी तो आईजवळ आला आणि हात जोडून उभा राहिला. आई म्हणाली, "बसा." तेवढंच.

अजून एक, जे कुठल्या यादीत नसतं. मंडळीत कोण आजारी आहे, कुणाकडे मयत झालंय, हे कानावर आलं की जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी जा. डब्यात पिठलं-भाकरी ने, पाण्याचा जार भरून ठेव, चपला नीट लाव. बाबांच्या वेळी कोण काय बोललं त्यातलं मला फारसं आठवत नाही, पण एका बाईंनी आपल्या मोरीतला कपड्यांचा ढीग न सांगता धुऊन दोरीवर टाकला होता, ते वाळत घातलेले कपडे अजून डोळ्यांपुढे आहेत. तुझ्या मागच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती एकटी म्हातारी बसते म्हणालीस ना, जिची मुलं परदेशी आहेत? तिच्यापासून सुरुवात कर. तिलाही तीन वर्षांत तुझं नाव कळलेलं नाही, आणि तुलाही तिचं नाही.

"आणि यांचं काय?" असं नवऱ्याबद्दल विचारशील. ते कंटाळा करतात, मान्य. त्यांच्या मागं लागू नकोस. कापणीच्या सणाच्या लिलावाला तेवढं घेऊन जा. ज्याचं चर्चमध्ये मन लागत नाही असा माणूसही दुधीभोपळ्यासाठी शेजाऱ्याशी चढाओढीनं बोली लावताना मी पाहिला आहे. जिंकलेला भोपळा परत लिलावात देतात, पुन्हा बोली लागते, पैसे मंडळीच्या कामाला जातात. तिथं ओळखी आपोआप होतात. बाकीचं देवावर सोड.

बदलीच्या पत्रासाठी काल मीच पाळकसाहेबांना भेटले. तुला न विचारता गेले, त्याबद्दल रागावू नकोस. त्यांनी तुमच्या तिघांची नावं लिहिली, लेकीच्या बाप्तिस्म्याची तारीख रजिस्टरमधून काढून घातली, शिक्का मारला. पत्र आईच्या मोठ्या बायबलमध्ये, रोमकरांसच्या सोळाव्या अध्यायात ठेवलं आहे. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार मला सुट्टीचा मिळालाय. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येते. रविवारी तुझ्याबरोबर येईन, तिसऱ्या ओळीत बसू. उपासना सुटल्यावर मागच्या खोलीत जाऊन बघू, प्याले कोण धुतं ते.